मुलांना आपल्या सांधेदुखीबद्दल सांगावे का, आणि किती सांगावे?

सर्व स्नेही मंडळींना सप्रेम नमस्कार,

ज्यांची मुले गेल्या एक-दोन वर्षांत विद्यापीठात शिकायला घराबाहेर पडली आहेत, अशा पालकांना उद्देशून हे पत्र लिहीत आहे. मुलगा वसतिगृहात राहायला गेल्यापासून घरातली धावपळ एकदम कमी झाली आणि इतकी वर्षे त्या धावपळीत मागे पडलेली गुडघ्यांची आणि अंगठ्याची दुखणी आता ठळकपणे जाणवू लागली आहेत. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले गुडघे ताठ असतात, मग ते मोकळे होतात. जिना उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते, आणि घट्ट बसलेले झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो की बरणी तशीच खाली ठेवावी लागते. डॉक्टरांनी तपासून ही झिजेची सांधेदुखी असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे निदानाबद्दल मला शंका नाही.

मला विचारायचे आहे ते दुखणे मुलाला सांगण्याविषयी. तो फोनवर न चुकता विचारतो, "आई, बरी आहेस ना?" आणि मी "हो रे, मजेत आहे" म्हणून विषय बदलते. सत्र संपल्यावर त्याला खोली बदलायची आहे, नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि सामान हलवायला आई-बाबा येतीलच असे त्याने गृहीत धरले आहे. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या डोक्याला माझ्या गुडघ्यांचा घोर नको, असे एक मन म्हणते. पण खोके उचलताना त्याच्या देखत मी मटकन खाली बसले, तर त्याला ते कितीतरी जास्त लागेल, असे दुसरे मन सांगते. आपण आपल्या मुलांना किती सांगता, आणि सांगितल्यावर मुलांचे वागणे कसे बदलते, हे कळले तर मला फार आधार वाटेल.

आपली,
पहिल्या वर्षातील एका मुलाची आई

*

आदरणीय ताई, नमस्कार.

आपले पत्र वाचून लगेच लिहायला बसलो, कारण माझे दोन्ही गुडघे बरीच वर्षे दुखत आहेत आणि मुलगी आता पदवीच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझे स्पष्ट मत असे की मुलांना सांगावे, मात्र नेमके सांगावे. "गुडघे फार दुखतात" एवढेच ऐकले की मूल घाबरते किंवा ऐकून सोडून देते. "मला चालता येते, पण वजन घेऊन जिना उतरता येत नाही" असे सांगितले की त्याला काय करायचे ते कळते. मुलीला हे सांगितल्यावर तिने खोली बदलण्याच्या दिवशी दोन मित्रांना बोलावून घेतले, मी खाली गाडीजवळ थांबून सामानाची यादी सांभाळली आणि वर जाऊन पुस्तके मांडून दिली. तिला माझी सोबत हवी होती, माझे खांदे नव्हेत, हे त्या दिवशी दोघांनाही उमगले.

आता दुखण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. झीज झाली आहे असे ऐकल्यावर पुष्कळ जण चालणे-फिरणे कमी करतात, कारण वापरल्याने सांधा आणखी झिजेल अशी भीती असते. प्रत्यक्षात सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि सांध्यावर दाब पडून सुटत राहिला की तो द्रव कूर्चेत नीट खेळता राहतो. शिवाय मांडीचे स्नायू दुबळे झाले की चालताना बसणारा प्रत्येक हिसका थेट गुडघ्यावर येतो. म्हणूनच बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शिका व्यायामाला गोळ्यांच्या आधीचे स्थान देतात. मला सर्वांत उपयोगी पडलेला व्यायाम अगदी साधा आहे: उताणे झोपावे, एक गुडघा वाकवून पाऊल टेकवावे, दुसरा पाय सरळ ठेवून मांडी घट्ट आवळावी, टाच वीतभर वर उचलून थोडा वेळ धरावी आणि सावकाश खाली आणावी. फिजिओथेरपिस्टने मला एक खूणही सांगितली होती. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते, पण ते दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत नेहमीच्या पातळीवर उतरले पाहिजे. तसे झाले नाही तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे.

वजनाबद्दल बोलणे कोणालाच आवडत नाही, तरीही लिहितो. अंगावरचे 1 किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळपास 4 किलोंनी हलका होतो, असे गुडघेदुखीच्या रुग्णांच्या अभ्यासात आढळले आहे. हा हिशोब कळल्यापासून दोन-तीन किलो उतरण्याचेही मोल मला वाटू लागले.

काठीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बहुतेक जण उलटी धरतात. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरावी आणि उजव्या पायाबरोबर पुढे टाकावी. काठीची मूठ, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटावर जी घडी दिसते, तिच्या उंचीला यावी. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली ठेवावा, आणि कठडा असेल तर त्याचा आधार घ्यायला अजिबात संकोच करू नये.

औषधांचा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. गुडघ्यासाठी सूज आणि वेदना कमी करणारे चोळायचे जेल, उदाहरणार्थ डायक्लोफेनॅकचे, पोटात घ्यायच्या वेदनाशामकांच्या आधी वापरून पाहावे असे सुचवले जाते, कारण ते रक्तात फार कमी उतरते. त्याच प्रकारच्या गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रासदायक ठरू शकतात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 साली दिलेल्या मार्गदर्शनात तर झिजेच्या सांधेदुखीसाठी ग्लुकोसामाइन देऊ नये आणि पॅरासिटामॉलही सरसकट देऊ नये, असे म्हटले आहे. दुर्बिणीतून गुडघा "धुऊन" घेण्याचा सल्ला आजही कोणी देते; 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना केवळ वरवर छेद देऊन आत काहीही केले नव्हते, आणि ज्यांच्यावर खरी शस्त्रक्रिया झाली त्यांना या रुग्णांपेक्षा अधिक आराम पडला नाही. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट आहे. रोजचे जगणे अडत असेल तेव्हा ती खरोखर उपकारक ठरते, आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षे टिकतात असे मोठ्या नोंदींवरून दिसते.

आपला स्नेहांकित,
तिसऱ्या वर्षातील एका मुलीचा बाबा

*

ताई, नमस्कार.

वरील पत्रातील सल्ला झिजेच्या दुखण्यासाठी अगदी योग्य आहे, परंतु प्रत्येक सांधेदुखी झिजेची नसते. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. माझी सुरुवात दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळांशी सूज येण्याने झाली. सकाळी मूठ वळत नसे, आणि हात मोकळे व्हायला पाच-दहा मिनिटे नव्हे, तर तासाहून अधिक वेळ लागे. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. म्हणून ज्यांचा ताठरपणा लांबतो, ज्यांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात आणि ज्यांना दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते, त्यांनी "वयोमानानुसार होणारच" असे म्हणून थांबू नये, लवकरात लवकर संधिवाततज्ज्ञांना भेटावे. या आजारात पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. मला मेथोट्रेक्सेट चालू आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून त्याचा वार मी औषधाच्या डबीवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. आणि एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला व बरोबर ताप आला, तर कोणतेही निदान आधीपासून असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ती सांध्यातील जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

मुलांना सांगण्याबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या मुलीला आजार कळला तेव्हा ती दर आठवड्याच्या शेवटी घरी येऊ लागली, तासिका बुडवू लागली, आणि मला बरे वाटावे म्हणून कुठे कुठे वाचलेले उपाय पाठवू लागली. तिचे प्रेम मला समजत होते, पण माझ्या दुखण्याने तिचे शिक्षण अडावे हे मला मान्य नव्हते. शेवटी आम्ही दोघींनी बसून ठरवले: औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी ही माझी व तिच्या बाबांची जबाबदारी, तिने फक्त फोनवर विचारायचे, "आज हात चालतात का?" आणि मी खरे उत्तर द्यायचे. नाही म्हटले तरी तिने पळत यायचे नाही, आणि जेव्हा खरोखरच यायला हवे तेव्हा मी तसे स्पष्ट शब्दांत सांगायचे. हे ठरल्यापासून तिचा जीव शांत झाला. आपण "मजेत आहे" म्हणत राहतो तेव्हा मुलांना आपला आवाज ऐकून संशय येतोच, आणि मग ती आपल्या प्रत्येक शब्दाचा माग काढत बसतात. त्यापेक्षा खरे उत्तर त्यांच्या मनाला हलके पडते.

आणखी एक सांगावेसे वाटते. मुले गेल्यावर घर शांत होते, रात्री झोप उडते, आणि झोप अपुरी झाली की तेच दुखणे दुसऱ्या दिवशी दुप्पट वाटते. मन खचणे आणि सांधे दुखणे ही दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणून उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगेच लक्षण समजावे. आम्ही तिघी मैत्रिणी संध्याकाळी आपापल्या भागात चालायला बाहेर पडतो आणि चालताना एकमेकींशी फोनवर बोलतो. बोलायला कोणी आहे म्हणून पाय निघतात. नाहीतर कंटाळ्याच्या दिवशी मी दाराबाहेर पडले नसते.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई

*

सर्वांना नमस्कार,

या चर्चेत एक वेगळा मुद्दा मांडतो. आपण मुलांपासून दुखणे लपवतो, तशी मुलेही आपल्यापासून लपवतात. माझ्या मुलाची कंबर दुसऱ्या वर्षापासून दुखत होती, परंतु आईच्या खांद्याचे आधीच चालले आहे, त्यात आपली भर नको, म्हणून तो गप्प राहिला. सुट्टीत घरी आला तेव्हा पहाटे उठून खोलीत येरझाऱ्या घालताना दिसला. विचारल्यावर त्याने सांगितले की पडून राहिले की दुखणे वाढते आणि हालचाल केली की कमी होते. साध्या लचकेचे दुखणे सहसा याच्या उलट वागते. विशीच्या आसपास सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, पहाटे झोपेतून उठवणारी आणि हालचालीने बरी वाटणारी कंबरदुखी ही अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहक आजाराची सुरुवात असू शकते. सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. माझ्या मुलाचे निदान एमआरआयमध्ये माकडहाडाजवळच्या सांध्यांचा दाह दिसल्यावर झाले. एचएलए-बी27 ही रक्ततपासणी निदानाला मदत करते, पण ती सकारात्मक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही, म्हणून केवळ तिच्यावरून घाबरू नये. या मुलांचा एक डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जावे.

आज तो नियमित औषध घेतो, रोज पोहतो आणि अभ्यासक्रमात कुठेही मागे पडलेला नाही. पत्नीने आपला खांदा रात्री किती दुखतो हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली, त्यानंतरच तोही स्वतःच्या कंबरेबद्दल बोलू लागला. म्हणून ताई, आपण मुलाला सांगाल तेव्हा त्यालाही विचारा, आणि "काही नाही" या उत्तरावर थांबू नका.

आपला,
एका विद्यार्थ्याचा बाबा

*

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे.

आपली पत्रे वाचून काल मुलाला फोन केला आणि जसे सुचवले होते तसेच नेमके सांगितले: चालता येते, खोके घेऊन जिना उतरता येणार नाही, आणि घट्ट झाकणे उघडता येत नाहीत. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, तू हल्ली फोन डाव्या हातात धरतेस." सामानाचे तो मित्रांच्या मदतीने पाहणार आहे. मी त्याच्या तब्येतीचेही खोदून विचारले. झोप कमी होते एवढीच तक्रार आहे, सांधे ठीक आहेत. टाच उचलण्याचा व्यायाम आज सकाळपासून सुरू केला आहे. संध्याकाळी फोनवर बोलत चालणाऱ्या मैत्रिणींमध्ये मला सामील व्हायला आवडेल, चौथीसाठी जागा असेल तर कृपया कळवावे.

एक शंका मात्र राहिली आहे. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा पट्टा डॉक्टरांनी सुचवला आहे. तो काम करतानाच बांधायचा की रात्रीही ठेवायचा, हे मी पुढच्या भेटीत त्यांना विचारणारच आहे. तोपर्यंत कोणी वापरला असेल तर कडक पट्टा सोयीचा पडतो की मऊ, आणि तो लावून लिहिता येते का, हे अवश्य लिहावे.

आपली,
पहिल्या वर्षातील मुलाची आई