उपनगरातला मॉल ऑनलाइनने मारला की सुट्या गाळ्यांनी?

पौडरोडकर (धागाकर्ता):
आमच्या भागातल्या मॉलचा सरकता जिना आता नुसताच जिना आहे. तळमजल्यावर मोबाइल दुरुस्ती, वर क्लास, त्याच्या वर मल्टिप्लेक्स. लोक पार्किंगमधून लिफ्टने थेट सिनेमाला जातात आणि तसेच घरी. कारण विचारलं की सगळे म्हणतात, ॲमेझॉन. पण मग सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला फिनिक्स या मॉलवाल्या कंपनीने पुण्यातला दुसरा मॉल कशाला उघडला? शनिवारी संध्याकाळी तिथे पार्किंग मिळवून दाखवा.

माझ्या मते रोग मालकीत आहे. मोठे मॉल गाळे विकत नाहीत, भाड्याने देतात. ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, यातलं जे जास्त ते. दुकान चाललं नाही तर मालकालाही झळ बसते, म्हणून कोण कुठे बसेल हे तो ठरवतो. आमच्याकडे बिल्डरने गाळे सुटे विकले आणि मोकळा झाला. कपडे घ्यायला आलेल्या बाईने बंद शटरं आणि विमा एजंटांची ऑफिसं ओलांडत का चालावं?

गाळेधारक_वैतागलेला:
म्हणजे दोष आमचा! माहितीपत्रकात मोठं सुपरमार्केट दाखवलं होतं, ते बघून फंडाचे पैसे घातले. ते गेलं आणि गर्दी गेली. सामायिक मेंटेनन्सचं गणित ऐका: रिकाम्या गाळ्यांचे मालक भरत नाहीत, मग एसी बंद. एसी बंद म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून आणखी गाळे रिकामे. ऑनलाइनचा फटका कपड्यांच्या आणि मोबाइलच्या गाळ्यांना बसलाच, तो तुम्ही का नाकारताय?

विमाननगरची:
पौडरोडकर, नगर रोडचा इनॉर्बिट विसरलात. तिथे सुटे गाळे नव्हते, मालक रहेजांसारखा मुरलेला, तरी मॉल बंद होऊन तिथे ऑफिसं झाली. येरवड्याच्या ‘ईशान्या’ मॉललाही मालक एकच, दीपक फर्टिलायझर्स. (खतांच्या कंपनीचा फर्निचरचा मॉल, पुण्यात काहीही होतं.) तोही पुढे नाव बदलून क्रिएटिसिटी झाला.

पौडरोडकर:
इनॉर्बिटच्या जवळच २०११ मध्ये फिनिक्स उभं राहिलं. एकाच रस्त्यावर एवढे ग्राहक आणायचे कुठून?

हडपसरी:
आमच्याकडे अमनोरा आणि सीझन्स शेजारी शेजारी आहेत. दोन्ही चालू. पुढचं कारण?

पौडरोडकर:
तिथे मगरपट्ट्याची आयटीवाली वस्ती पायाशी आहे, त्यामुळे दोघांचं भागतं. पण ठीक आहे, जवळपणाचा मुद्दा सोडतो. मालकीचा सोडत नाही.

पेठेतला:
तो मीच सोडवतो. तुळशीबागेत सगळ्या दुकानांचा मिळून एकच मालक नाही. एसी नाही, पार्किंग नाही, कोणी कुठे बसायचं हे ठरवणारा मॅनेजर नाही. लक्ष्मी रोडचंही तेच. सुटी मालकी हा रोग असता तर हे बाजार कधीच उठले असते. गिऱ्हाईक मालाला येतं, मालकीला नाही.

नकाशावाली:
तुलना चुकते आहे. तुळशीबागेतलं दुकान वाटेवर उघडतं, येणारा-जाणारा सहज डोकावतो. मॉलची दुकानं आत तोंड करून बसलेली असतात, माणसाला मुद्दाम आत ओढावं लागतं. ते काम सुपरमार्केट करतं. २०२२ मध्ये फ्यूचर ग्रुप कोसळला आणि त्यांचं बिग बझार संपलं, तेव्हा अशा बऱ्याच मॉलचा आधार गेला. डीमार्टने बरोबर ओळखलं: जागा शक्यतो स्वतःची घ्यायची आणि मॉलच्या भानगडीत पडायचं नाही. धागाकर्त्यांच्याच मॉलमध्ये रस्त्याकडच्या गाळ्यांचं भाडं विचारा.

गाळेधारक_वैतागलेला:
हे खरं. रस्त्याकडचं मेडिकल आणि वडापाववाला, दोघंही जोरात. माझा गाळा आतल्या बाजूला. सध्या एका हॉस्पिटलवाल्याने अख्खा मजला मागितलाय, भाडंही बरं देतोय. पण सगळ्यांच्या सह्या हव्यात. दोन मालक दुबईत, एक वारले, त्यांच्या वारसांचं कोर्टात चाललंय. एकजण तर म्हणतो, "थांबा, मेट्रो आली की दुप्पट भाव येईल."

पेठेतला:
कुठली मेट्रो, तुमच्या रोडवर?