फोड सांगायची नसेल तर शोधसूत्र घालू नका

अमळनेरी: काल 'सातपुडा' यांनी लिहिलं, की उत्तर सापडलं की गूढ शब्दकोडं संपलं आणि फोड, म्हणजे उत्तर शब्दांतून कसं निघतं ते, मागणारे रंगाचा बेरंग करतात. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

परवाचंच शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारी ओळ (कंसात उत्तराची अक्षरसंख्या), घ्या: 'माया वलयांकित, पोटात केळीचा तालुका (३)'. निम्म्या लोकांनी 'रावेर' लिहिलं आणि ते तीन अक्षरात चपखल बसलंही. काही जणांनी 'चोपडा' भरलं. केळी तिन्हीकडे आहेत! मा-या-व-ल-यांकित अशी फोड दाखवल्यावरच 'यावल'शिवाय दुसरं काही चालणार नाही हे ठरलं. फोड नसती तर ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर खरं झालं असतं.

आणि सातपुडाजी, तुमचं 'ज्वराला ई जोडा, नदी मिळेल (२)' हे तर फोडीत टिकतच नाही. म्हणून तर फोड नको ना?

सातपुडा: ताप, ई, तापी. पाचवीतल्या पोराला कळेल. माझी आजी रात्री अंगणात आहाणा, म्हणजे तोंडी कोडं, घालायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायची नाही. आम्ही शेतात, विहिरीवर, दिवसभर त्याच नादात असायचो. तुम्ही लोक पाच मिनिटांत चिरफाड करून मोकळे होता, मग दिवसभर डोक्यात काय घोळणार?

धुळेकर नाना: पाचवीतल्या पोराने संधी शिकलेला असेल तर तो 'तापे' म्हणेल. अ आणि ई मिळून ए होतो. गण अधिक ईश, गणेश. तापात ई घातली तर 'तापी' कुठल्या व्याकरणाने होते?

सातपुडा: नाना, ही वेलांटी आहे, संधी नाही.

धुळेकर नाना: मग 'वेलांटी द्या' म्हणा! 'ई जोडा' कशाला म्हणता? इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, म्हणून तिथे कुठेही तोडता येतं. आपल्या घरात 'पी' अख्खा बसतो, काना-मात्रा-वेलांटीसकट. आपण अक्षर फोडायला लागलो तर उलटे शब्द, लपलेले शब्द, सगळ्याचाच बट्ट्याबोळ होईल. 'वाद उलटला तर औषध (२)' मधून 'दवा' निघतो तो अक्षरं अखंड ठेवली म्हणूनच.

अमळनेरी: अगदी हेच. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात 1939 पासून झिमेनेस या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनटने हाच आग्रह धरला होता: शोधसूत्रात उत्तराचा नेमका अर्थ, न्याय्य शब्दखेळ, आणि त्यापलीकडे एक शब्द जास्तीचा नको.

केळीबाग: झालं, लंडन आलं! इथल्या मातीतले शब्द आधी येऊ द्या. मी 'बहिणाबाईंच्या अहिराणीत मुलगा (३)' घातलं, उत्तर 'आंडोर'. तर म्हणे प्रमाण मराठीच्या कोशात नाही, बाद! पुण्याच्या पेठेतला शब्द कोड्यात चालतो, मग माझ्या मायचा का नाही? तुले सांगस भाऊ, हा अन्यायच शे.

असोदेकर: शब्दाला माझा विरोध नाही, 'बहिणाबाईंच्या अहिराणीत' याला आहे. बहिणाबाई आमच्या असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली आहे, अहिराणी नाही. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचं नाव मिळालं, तरी आपल्याच लोकांना त्यांची बोली माहीत नसावी? संताप येतो.

केळीबाग: खान्देशची बोली ती खान्देशची बोली. भिंती कशाला घालता?

असोदेकर: भिंती नाहीत, ओळख आहे. माझी आई लेवा बोलायची. तिला शाळेत 'ही काय भाषा' म्हणून हसले, आणि आता तिच्या बोलीला दुसऱ्याच बोलीचं नाव देताय. तुमच्या आईच्या अहिराणीला कोणी वऱ्हाडी म्हटलं तर चालेल?

केळीबाग: ...नाही चालणार. 'खान्देशी घरातला मुलगा' असं करतो. पण 'आंडोर' राहणार, त्यावरून मी हटणार नाही.

धुळेकर नाना: राहू दे. पण यात शब्दखेळ कुठाय? नुसता अर्थ दिलाय, हे साधं शब्दकोडं झालं.

केळीबाग: नाना, तुमच्याशी मी बोलत नाही.

भुसावळ जंक्शन: मूळ मुद्द्यावर येऊ का? माझे वडील रेल्वेत. ड्युटीवरून आले की इंग्रजी पेपरातलं गूढ कोडं घेऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तरं छापून यायची, फोड नसायची. मग ते उत्तरापासून उलटे निघायचे, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात एकेक तुकडा मांडायचे. काही शब्दांपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. ते कायमचं तसंच राहिलं, कारण विचारायला आख्ख्या कॉलनीत दुसरं कोणी नव्हतं. इथे माणसं आहेत आणि तरी फोड सांगायची नाही, हे मला पटत नाही.

आणि सातपुडादादा, रंगाचा बेरंग म्हणाल तर मुक्ताईनगरला जा. मुक्ताईच्या कूट अभंगांची फोड कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. कुणाची गोडी कमी झाली?

सातपुडा: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, फोड द्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याआधी नाही. तोवर कोणी 'सोडवलं' एवढंच लिहायचं.

अमळनेरी: एक दिवस थांबायला माझी हरकत नाही. 'तापी'चं काय?

शिरपूरची ताई: तुमचं भांडण वाचता वाचता केलंय: 'घेता पीक, मधे वाहते नदी (२)'.

धुळेकर नाना: घे-ता-पी-क. वेलांटीला हात लावला नाही, अर्थही सरळ, एक शब्द जास्तीचा नाही. ताई, फार सुंदर.

सातपुडा: नाना, एक दिवस थांबायचं आत्ताच ठरलं ना? आणि ताईंचं चांगलं आहे म्हणून माझं चुकीचं ठरत नाही.

धुळेकर नाना: ठरतं.