इंग्रजीतला ‘फार’: ‘पाच किलोमीटर्स फार’ का चालत नाही?

पाटीपेन्सिल

नववी-दहावीच्या वह्यांत हे वाक्य हमखास सापडतं: ‘द स्टेशन इज फाइव्ह किलोमीटर्स फार फ्रॉम माय हाउस.’ तिथे ‘फार’ खोडून ‘अवे’ लिहायचं, एवढं मुलं पाठ करतात. पण ‘फाइव्ह मीटर्स लाँग’ चालतं, ‘फाइव्ह मीटर्स डीप’ चालतं, मग एकट्या ‘फार’ने कुणाचं घोडं मारलंय? ‘इंग्रजीत तसंच असतं’ यापलीकडे काही सांगता येईल का?

त्याला जोडून अजून दोन शंका. ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ यांत नेमका फरक काय? आणि आपला मराठी ‘फार’ व त्यांचा ‘फार’ एकाच मुळातले आहेत का?

ऐलपैल

मुलांना ‘हेवी’ आठवायला सांगा. ‘हाउ हेवी इज इट?’ असा प्रश्न बरोबर, पण ‘टेन किलोज हेवी’ हे उत्तर चूक. ‘फार’ त्याच पंगतीतला. त्याला ‘हाउ’ जोडून प्रश्न विचारता येतो, उत्तरात आकडा जोडता येत नाही. लाँग, डीप, वाइड, टॉल, ओल्ड ही मंडळी दोन्हीकडे चालतात. मराठीतही ‘गोणी दहा किलो जड आहे’ म्हटलं की कानाला खुपतं, आपण ‘दहा किलोची’ किंवा ‘दहा किलो भरते’ म्हणतो. मुलांना हे लगेच पटतं.

चूक होते ती आपल्या ‘लांब’मुळे. दोरीही लांब आणि गावही लांब. ‘पाच मीटर लांब दोरी’ आणि ‘पाच किलोमीटर लांब स्टेशन’ यांत मराठीला फरक वाटत नाही. इंग्रजीत मात्र दोरी ‘लाँग’, गाव ‘फार’, आणि आकडा आला की गाव ‘अवे’.

यात एक पळवाट आहे, ती सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं बरोबर वाक्यही खोडतील. तुलना आली की आकडा चालतो: ‘द टेंपल इज टू किलोमीटर्स फर्दर’, म्हणजे देऊळ अजून दोन किलोमीटर पुढे. ‘टेन किलोज हेविअर’सुद्धा असंच बरोबर.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे ‘इट’. ‘हाउ फार इज फ्रॉम ठाणे टू दादर?’ हे अर्धवट आहे. ‘हाउ फार इज इट फ्रॉम ठाणे टू दादर?’ किंवा ‘हाउ फार इज दादर फ्रॉम ठाणे?’ असं हवं. मराठीत ‘ठाण्याहून दादर किती लांब?’ एवढ्यात भागतं, म्हणून ते ‘इट’ गळतं.

कानामात्रा

वरच्यात एक भर. नुसतं ‘इट्स फार’ व्याकरणाने चूक नाही, पण बोलण्यात उघडं पडल्यासारखं वाटतं. ‘फार’ प्रश्नात आणि नकारात सुखाने नांदतो: ‘इज इट फार?’, ‘इट इजंट फार’. होकारी वाक्यात इंग्रज माणूस बहुधा ‘इट्स अ लाँग वे’ म्हणतो. ‘मच’चं असंच आहे. ‘आय डोंट हॅव मच टाइम’ सहज जातं, ‘आय हॅव मच टाइम’ अडखळतं. मात्र ‘फार’ला टू, सो, क्वाइट किंवा मागून ‘इनफ’ यांचा टेकू मिळाला की होकारातही तो खणखणीत उभा राहतो: ‘इट्स टू फार टू वॉक.’

आता मूळ. दोन्ही ‘फार’ एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आपला ‘फार’ संस्कृत ‘स्फार’वरून आला, म्हणजे विस्तीर्ण, पुष्कळ. त्यांचा जुन्या इंग्रजीतल्या ‘फेओर’वरून. त्याचं नातं लावायचंच तर संस्कृत ‘पर’, ‘परस्’ यांच्याशी लागतं, म्हणजे आपल्या ‘परदेश’मधल्या ‘पर’शी.

गंमत अशी की दोघांचं एक काम मिळतंजुळतं आहे आणि तिथेच गोची होते. आपण ‘फार चांगला’ म्हणतो, ‘फार गुड’ मात्र चुकीचं. इंग्रजी ‘फार’ जोर देतो तो तुलनेला किंवा ‘टू’ला: ‘फार बेटर’, ‘फार मोअर’, ‘फार टू हॉट’. म्हणजे ‘फार’ऐवजी ‘कितीतरी’ ठेवून बघायचं. ‘कितीतरी चांगला’ अशा तुलनेच्या अर्थाने वाक्य बसलं तर ‘फार’, नाहीतर ‘व्हेरी’. ‘सगळ्यांत’ असेल तिथे ‘बाय फार द बेस्ट’. ‘बाय फार बेटर’ टाळा, ‘फार बेटर’ पुरे.

शुद्धिपत्र

फार्दर-फर्दरबद्दल. प्रत्यक्ष अंतर असेल तर दोन्ही चालतात. ब्रिटिश लिखाणात दोन्हीकडे ‘फर्दर’ दिसतो. अमेरिकन संपादक अंतराला ‘फार्दर’ आणि बाकी सगळ्याला ‘फर्दर’ अशी वाटणी पसंत करतात. ‘आणखी, अधिक’ या अर्थाने फक्त ‘फर्दर’: ‘फर्दर इन्फर्मेशन’, ‘अन्टिल फर्दर नोटिस’. क्रियापद म्हणूनही तोच: ‘टू फर्दर वन्स करिअर’. त्यामुळे शंका असेल तिथे ‘फर्दर’ लिहावं, तो कुठेच अडत नाही.

मूळ पाहिलं तर ‘फर्दर’ हे ‘फार’चं तुलनारूप नव्हतंच, ते ‘फोर्थ’च्या, म्हणजे ‘पुढे’च्या, घरातलं. ‘फार’चं स्वतःचं जुनं रूप मागे पडलं आणि ‘फर्दर’ त्या जागी येऊन बसला. ‘फार्दर’ त्याचाच नंतर झालेला फाटा.

ऐलपैल

भाषांतर करणाऱ्यांसाठी दोन ओळी. नामाच्या आधी ‘फार’ आला की तो बहुतेक वेळा ‘लांबचा’ नसतो, दोहोंतला ‘पलीकडचा’ असतो. ‘द फार बँक’ म्हणजे पैलतीर, ‘द फार एंड ऑफ द रूम’ म्हणजे खोलीचं पलीकडचं टोक, मग खोली दहा फुटांची का असेना. उलट, लांबच्या नातेवाइकाला ‘फार रिलेटिव्ह’ म्हणत नाहीत, ‘डिस्टंट’ म्हणतात. लांबचा प्रवास ‘लाँग जर्नी’.

‘फार-सायटेड’ जपून वापरा. ब्रिटनमध्ये तो दूरदर्शी माणूस. अमेरिकेत दूरदर्शी तर आहेच, शिवाय ज्याला जवळचं धूसर दिसतं तोही. चष्म्याचा मजकूर असेल तर आधी लेखक कुठला ते बघा.

पाटीपेन्सिल

‘हेवी’चं उदाहरण उद्याच वापरतो. एक राहिलं: ‘ॲज फार ॲज’ आणि ‘ॲज लाँग ॲज’ यांची मुलं सरमिसळ करतात. आणि ‘सो फार’ नेहमी ‘आतापर्यंत’च का?

कानामात्रा

‘ॲज लाँग ॲज’ वेळेचा किंवा अटीचा: जोवर, या अटीवर. ‘ॲज फार ॲज’ आवाक्याचा. ‘ॲज फार ॲज आय नो’, माझ्या माहितीचं कुंपण जिथवर आहे तिथवर. त्यामुळे ‘ॲज लाँग ॲज आय नो’ हे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ होऊ शकत नाही. ‘ॲज फार ॲज मनी इज कन्सर्न्ड’मधलं ‘इज कन्सर्न्ड’ गाळलेलं बोलण्यात ऐकू येतं, पण परीक्षेत गुण जातील.

जागेसाठीही हाच शब्द. ‘आय विल कम टिल पुणे’ ही आपल्याकडची खास चूक, कारण ‘पर्यंत’ आपल्याला वेळेलाही पुरतो आणि जागेलाही. ‘टिल’ फक्त वेळेला. पुण्यापर्यंत म्हणजे ‘ॲज फार ॲज पुणे’.

‘सो फार’ दोन तऱ्हांचा. ‘आतापर्यंत’ असेल तर क्रियापद बहुधा ‘हॅव’वालं येतं: ‘वी हॅव सोल्ड टेन सो फार.’ ‘इतकं लांब’ असेल तर जाण्या-चालण्याची क्रिया शेजारी असते: ‘शी कांट वॉक सो फार.’ दुसऱ्या वाक्यात ‘सो’च्या जागी ‘दॅट’ घालून बघा. अर्थ टिकला तर अंतर, नाहीतर वेळ.