दाब दिला म्हणून लँथॅनम ऑक्साइडचं रूप बदललं का?

डिचोलीकरीण
नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दोन नॅनो ऑक्साइडं बनवलीत, गॅडोलिनियमचं आणि लँथॅनमचं. दोन्ही ग्लायसिन घालून ज्वलन पद्धतीनं, मग भट्टीत.

गॅडोलिनियम शहाणं निघालं. ६०० अंश सेल्सियसवर भाजलं तर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी ओळखायची चाचणी) २८.६ अंश कोनावरचा पीक, म्हणजे उंचवटा, पसरट, अर्ध्या उंचीवर रुंदी ०.८ अंश, रुंदीवरून कणाचा आकार काढायच्या शेररच्या सूत्रानं कण १० नॅनोमीटर. ९०० वर भाजलं तर रुंदी ०.३, कण २७ नॅनोमीटर. दोन्हीकडे अणूंची रचना क्यूबिकच (घनाकार).

घोळ लँथॅनमचा. ९०० अंशांवर भाजून लगेच एक्सआरडी काढली तेव्हा २६.१, २९.१ आणि २९.९ ला पीक होते, म्हणजे नेहमीची हेक्सागोनल (षटकोनी) रचना. चवथीच्या आदल्या दिवशी १३ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) प्रेसनं ५ टनांवर पुडीची पेलेट (दाबलेली चकती) काढली, प्लास्टिकच्या डबीत ठेवली आणि घरी गेले. नऊ दिवसांनी बघते तर शिळ्या नेवरीची कड सुटावी तशी पेलेटची कड सुटलेली, चिमटा लावला तर भुगा. त्या भुग्याची एक्सआरडी काढली तर १५.७, २७.३, २८ आणि ३९.५ ला नवेच पीक! जुने जेमतेम दिसतात.

ही ऑक्साइडं दाबाखाली रूप बदलतात असं वाचलंय. मग हे तेच का? सोमवारी सेमिनार आहे, आणि स्लाइडवर मी 'दाबामुळे फेज बदल' असं लिहून बसलेय.

वास्को_नाईट_शिफ्ट
५ टन म्हणजे काय थोडकं झालं? भरलेल्या टेम्पोचं वजन ते, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर. झाला असणार बदल.

म्हापशाचा_मास्तर
करंगळीच्या नखाएवढी नव्हे, १३ मिलिमीटरची चकती. क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर. त्यावर ५ टन म्हणजे सुमारे ०.३७ गिगापास्कल. याच कुटुंबातल्या क्यूबिक यिट्रियम ऑक्साइडला मोनोक्लिनिक (तिरक्या रचनेचं) व्हायला साधारण १२-१३ गिगापास्कल लागतात, तुझ्या प्रेसच्या तीसपट. टेम्पो नव्हे, अख्खी रांग आण.

आता बाई, स्लाइड पुसण्याआधी एक विचार कर. दाब नेहमी आटोपशीर रचनेकडे ढकलतो. क्यूबिक, मग मोनोक्लिनिक, मग हेक्सागोनल अशी घनता वाढत जाते. क्यूबिकमध्ये फ्लुओराइट या खनिजासारख्या रचनेतल्या ऑक्सिजनच्या चारांतली एक जागा रिकामी असते आणि धातूच्या अणूभोवती सहा ऑक्सिजन. हेक्सागोनलमध्ये सात. लँथॅनमचा आयन या कुटुंबात सगळ्यांत मोठा, म्हणून तो दाबाशिवायच हेक्सागोनल होऊन बसलेला. दाबून त्याला नेणार कुठे?

आणि तुझी पेलेट फुगून फुटली. दाबानं आलेली रचना कोणी फुगवत नाही. हे पीक लँथॅनम हायड्रॉक्साइडचे आहेत, ऑक्साइडनं हवेतली ओल घेतली की ते बनतं. ऑक्साइडची घनता साडेसहा, हायड्रॉक्साइडची साडेचारच्या आत. पूर्ण बदल झाला तर आकारमान १.७ पट. पेलेट फुटेल नाही तर काय! भाद्रपदातली गोव्याची हवा आणि नऊ दिवस, आणखी काय हवं?

खात्री करायची तर तराजूवर. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन १६.६ टक्के वाढायला हवं. न दाबलेली पूड शिल्लक आहे का? तिचीही एक्सआरडी काढ.

फोंडा_ते_इंदूर
मास्तर म्हणतात ते बरोबर. मी इंदूरला इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्रावर अशाच नमुन्यांवर काम करतो, म्हणून थोडं जोडतो. आमच्याकडे दाब हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये देतात. नमुना मिठाच्या कणाएवढा, शेजारी माणिकाचा बारीक तुकडा. माणकाची ६९४ नॅनोमीटरची रेषा किती सरकली यावरून दाब कळतो. नमुना ज्यात बसतो ते गॅस्केटचं (धातूच्या पत्र्याचं) भोक वाकडं झालं की दिवस गेला. तिथेही यिट्रियम ऑक्साइड एकदा हेक्सागोनल झालं की दाब काढल्यावर परत क्यूबिक होत नाही, मोनोक्लिनिकवर अडकतं.

नॅनोचं वेगळंच. कण लहान असला की पृष्ठभागाचा ताणच त्याला आतून आवळतो. चौरस मीटरला १.५ ज्यूल धरून हिशेब कर: १० नॅनोमीटरच्या कणावर ०.६ गिगापास्कल. म्हणजे तुझं गॅडोलिनियम काही न करता तुझ्या प्रेसपेक्षा जास्त दाबाखाली आहे! पण म्हणून सगळ्या नॅनोंना एक नियम लावू नकोस. सेरियम ऑक्साइड ठोकळ्यात ३१ गिगापास्कलच्या आसपास बदलतं, नॅनोत त्याआधीच. उलट यिट्रियमचे अगदी बारीक कण दाबाखाली नवी रचना न घेता सरळ अस्फटिक झाल्याचंही दिसलंय.

तापमानाचं बघायचंच असेल तर गॅडोलिनियम १३०० वर भाज. १२०० च्या पुढे ते मोनोक्लिनिक होतं. सेमिनारला ते दाखवण्यासारखं, पण कण तोवर नॅनो राहणार नाहीत. आणि शेरर लावताना पीकला यंत्रामुळेच येणारी रुंदी वजा केलीस का? ०.३ च्या पीकमध्ये ती बरीच खाते.

डिचोलीकरीण
सर, न दाबलेली पूड दुसऱ्या डबीत होती. तिलाही तेच पीक! मग प्रेसचा काही संबंधच नाही. त्या पुडीचं वजन नोंदवहीत १.२०४ ग्रॅम होतं, आज १.३६२. वाढ १३ टक्के, म्हणजे अजून थोडं ऑक्साइड उरलंय. ९०० वर तीन तास भाजलं तर १.२०१ ग्रॅम, आणि २९.९ चा पीक परत जागेवर.

फोंड्याचे दादा, यंत्राची रुंदी वजा केली नव्हती. आता यंत्राची रुंदी मोजायला सिलिकॉनचा प्रमाण नमुना लावून करते. १३०० ची भट्टी आमच्याकडे नाही, ११०० ला थांबते.

म्हापशाचा_मास्तर
शाब्बास. आता गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या जेलच्या बंद भांड्यात) ठेव आणि त्याच दिवशी एक्सआरडी काढ. सिलिका जेल निळं आहे ना?

डिचोलीकरीण
आत्ता बघून आले. गुलाबी, म्हणजे ओल पिऊन बसलेलं. जूनपासून कुणी हात लावलेला दिसत नाही. जेल ओव्हनमध्ये घातलंय.