सोसायटीचा ओला कचरा: मशीन घ्यावं की खड्डे? सल्ला हवाय

नवासेक्रेटरी:
मंडळी, पुण्यात आमची 96 फ्लॅटची सोसायटी, खाली दोन दुकानं आणि एक पोळीभाजी केंद्र. एजीएमला दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून मी सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच महिन्यात कचरा गळ्यात पडला, ओला कचरा आवारातच जिरवा अशी नोटीस आलीये. एका मशीनवाल्याने साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय, म्हणतो 24 तासांत खत. कमिटीत दोन तट पडलेत. कोणी वापरलंय का असं मशीन?

खटपट्या:
वापरलंय आणि पस्तावलोय. 24 तासांत खत होत नाही हो, कचरा वाळून भुगा होतो, कुंडीत घालून पाणी मारलं की परत सडायला लागतो आणि वास. वर लाइटचं बिल वेगळंच. आमचं आता पार्किंगमध्ये पडलंय, त्यावर मुलं सायकली टेकवतात. पैसे द्यायच्या आधी आठवडाभर कचऱ्याचं वजन करा, ओल्याचं वेगळं, सुक्याचं वेगळं.

पाचवा मजला:
वजनाला +1, कारण नियमच त्यावर अडतो. 1 एप्रिल 2026 पासून नवे घनकचरा नियम लागू झालेत, त्यात रोज 100 किलो कचरा किंवा 40,000 लिटर पाणी किंवा 20,000 चौ. मी. बांधकाम, यातलं एक जरी बसलं तरी तुम्ही मोठे कचरा निर्माते. 96 फ्लॅट म्हणजे पाण्यातच सापडाल. आणि आता चार भाग करायचे, ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथ्यात बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधं वगैरे. डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगा, वेचणाऱ्या ताईंना पुडी उघडून बघावी लागू नये एवढंच.

गच्चीवरची बाग:
आम्ही 70 फ्लॅट, विटांचे सहा हौद बांधलेत, जाळीच्या विटा म्हणजे हवा खेळते. ओल्याचा थर, वर वाळका पाला, पाल्याला कधीच कंजूषी करायची नाही, वास येतो तो पाला कमी पडला म्हणूनच. सुरुवातीला आंबट ताक-गूळ शिंपडायचं. अळ्या दिसल्या की लोक किंचाळत खाली येतात, पण त्या खरं तर कामच करत असतात, वर कोरडा पाला टाका की दिसत नाहीत. शहाळी आणि हाडं घालू नका. दीड-दोन महिन्यांत हौदातला कचरा कुजून खाली बसतो. खरा खर्च हौदाचा नाही, रोज तासभर हात घालणाऱ्या माणसाचा आहे, त्याचा पगार मेंटेनन्समध्ये धरा नाहीतर गणपतीपर्यंत सगळं बंद.

पोळीभाजीवाली:
माझंही असंच केंद्र आहे (तुमच्या इथलं नाही). सोसायटीने धंद्याचा कचरा फुकट घेऊ नये, वेगळे पैसे लावा, देतात. प्लास्टिकच्या पिशव्यांचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी, पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्यांदा 10,000 दंड. मी ‘घरचा डबा आणा, पाच रुपये कमी’ अशी पाटी लावली, आधी कोणी ढुंकून बघेना, आता संध्याकाळी निम्मी गिऱ्हाइकं डबा घेऊन येतात. भाजीची देठं-सालं वेगळ्या बादलीत ठेवायला सांगा त्यांना, हौदाला तेच सगळ्यात चांगलं.

नवासेक्रेटरी:
सगळ्यांचे आभार. मशीनवाल्याला थांबवलंय, त्याचे रोज दोन फोन येतात. भंगारवाल्याकडून काटा आणलाय, चार दिवसांची सरासरी ओला 58 किलो, सुका 31, सॅनिटरी 9, म्हणजे 98, पण पाणी रोज 50 हजार लिटर लागतं त्यामुळे सुटका नाहीच. हौद किती लागतील? आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका ओल्यातच दाढीची ब्लेडं टाकतात, त्यांना कसं सांगायचं?

खटपट्या:
आठ हौद धरा. काकांना एक दिवस कचरा वेगळा करायच्या ड्यूटीला लावा.