सीनियर दॅन की सीनियर टू?

प्रश्न – मसुदा_लेखन
सेवाज्येष्ठता यादीत नाव खाली गेलंय, म्हणून आस्थापना शाखेला इंग्रजीत निवेदन द्यायचं आहे. कच्चं वाक्य असं: "आय अ‍ॅम सीनियर दॅन हिम बाय टू इयर्स." कुणी म्हणतं दॅनच्या जागी टू घाला, कुणी म्हणतं आधी मोअर हवं. पुढे "प्रायर टू जॉइन" असंही लिहिलंय. ते चालेल का?

उत्तर – टाचण
टू घाला: "सीनियर टू हिम". आपण मनात 'त्याच्यापेक्षा' म्हणतो आणि 'पेक्षा' आलं की हात आपोआप दॅनकडे जातो. दॅन चालतं ते टॉलर, चीपर, मोअर युजफुल अशा रूपांबरोबर. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप अंगात घेऊनच आलेत, त्यांना टू लागतं. प्रेफरेबल लॅटिन तुलनारूप नाही, पण त्यालाही टूच.

"बाय टू इयर्स" ठेवा, ते बरोबर आहे. "प्रायर टू जॉइन" मात्र चूक. हा टू क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजी रूपच येतं: "प्रायर टू जॉइनिंग". म्हणूनच "टू ही" नाही, "टू हिम".

उत्तर – लालशाई
मोअरचं उत्तर राहिलं. "मोअर सुपीरियर" कुठेच खपत नाही. पण सीनियर हा हुद्दा सांगणारा साधा शब्दही आहे, त्यामुळे "मोअर सीनियर दॅन" इंग्लंड-अमेरिकेत सर्रास लिहितात. मोअर आलं की दॅन, नाही तर टू. "मोअर सीनियर टू" ही भेसळ नको. स्पर्धा परीक्षेत मात्र "सीनियर टू"च लिहा, तिथे जोखीम कशाला?

खरी गफलत होते ती दोन विशेषणं जोडताना. "धिस पंप इज सुपीरियर अ‍ॅण्ड चीपर दॅन द ओल्ड वन" यात सुपीरियरचा टू गळालाय. एक तर "सुपीरियर टू अ‍ॅण्ड चीपर दॅन" असं दोन्ही लिहा किंवा, वाचायला सोपं, "चीपर दॅन द ओल्ड वन अ‍ॅण्ड सुपीरियर टू इट".

जोर द्यायचा तर "फार सुपीरियर टू" (हा फार म्हणजे इंग्रजी far) म्हणा, "व्हेरी सुपीरियर टू" नको.

उत्तर – टाचण
निवेदनासाठी एक महत्त्वाचं. नुसतं "सीनियर टू हिम" वाचून वय की सेवा हा घोळ राहू शकतो. वयासाठी "ओल्डर दॅन" लिहा, सेवेसाठी संवर्गाचा उल्लेख करा: "आय अ‍ॅम सीनियर टू हिम बाय टू इयर्स इन द क्लार्क कॅडर." ज्येष्ठता कोणत्या तारखेवरून धरली, ती तारीख लगेच पुढच्या वाक्यात द्या आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडा.