ऑनलाइन गेम खेळताना तुमचं डोकं कधी सटकलं? सोलापूरकर, लिहा

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

काल रात्री पावणेअकरा, बीजीएमआय (आपलं जुनं पब्जी). शंभरातले अकरा उरलेत, त्यात आम्ही चौघं. झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) नेमका आमच्याच घरावर येऊन बसलाय. असं नशीब महिन्यातून एकदा लागतं. आणि आमचा स्नायपर, म्हणजे लांबून नेम धरणारा, खिडकीत उभा. नुसता उभा. हाका मारल्या, शिव्या घातल्या, त्याच्या माइकवरून फक्त लांबून कसलीतरी घरघर. समोरच्यांनी आधी त्याला टिपलं, मग त्याला रिव्हाइव्ह द्यायला (पडलेल्याला पुन्हा उठवायला) गेलेल्याला, मग मला. चौथा म्हणाला, "झोपतो बे मी," आणि निघून गेला.

हरायची सवय आहे हो. पण त्याआधीची २५ मिनिटं कशात गेली ते आठवलं आणि डोकं फिरलं. विमानातून उडी, रिकामी घरं, कुणाच्या तरी न्हाणीघरात पडलेल्या गोळ्या, मग पळणं. एरँगल या बेटाचा नकाशा ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटर. गाडी सापडली नाही तर अर्धा डाव पळण्यातच जातो. आमचा टॉवेलचा कारखाना आहे. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकून रात्री मी पळायला बसतो, तेही अंगठ्यानं.

२ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, तेव्हा आम्ही मास्क लावून सात रस्त्याला चहाच्या गाड्यापाशी सुतक पाळलं होतं. २०२१ च्या जुलैत तेच बीजीएमआय नावानं परत आलं, त्या रात्री पेढे वाटायचे तेवढे राहिले. तिथून इथपर्यंत कसे आलो ते काही कळत नाही. तुमचं सांगा. कुठलाही खेळ चालेल, लुडोसुद्धा. शिव्या घरच्यांसमोर वाचता येतील एवढ्याच लिहा.

विडी घरकुलचा स्नायपर

खिडकीत उभा होता तो मी. पाणी आलं होतं. चार दिवसांनी! तुझ्या घरी बोअर आहे, तुला काय कळणार. घरघर म्हणतोस ती आमची मोटार.

आई "पाणी आलंऽऽ" म्हणून ओरडली की आमच्यात कुणी झोन बघत बसत नाही बे. पिंप, हंडे, वरची टाकी, शेवटी पिण्याचं गाळून. हात पुसत परत आलो तर मी मेलेलो आणि ग्रुपवर तुझे सतरा मेसेज. कॅरम असता तर सोंगट्या तशाच ठेवून उठलो असतो, दादानं माझी एखादी सोंगटी ढापली असती, विषय संपला. इथं एक उठला की तिघांची माती. नळाला पॉजचं बटन नाही आणि तुझ्या गेमलाही नाही. दोन्हीतलं एक निवड म्हणशील तर मी हंडाच उचलणार.

डस्ट टू, नवी पेठ (वय ४३)

पोरांनो, आमचा काळ कॅफेचा. २००५ च्या आसपास कॉलेज बुडवून काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचो, तासाला १५ रुपये. गोळी लागली हे पडद्यावर दिसायच्या आधी शेजारच्या खुर्चीतून "मेलो बे!" ऐकू यायचं. सगळे कॉम्प्युटर एकाच खोलीत तारेनं जोडलेले, पिंग पाच-दहाच्या वर जात नसे.

आता मुलाच्या कॉम्प्युटरवर बसलो की पिंग ११०. म्हणजे माझा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला ११० मिलिसेकंद. "मी भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो" असं सगळेच कुरकुरतात, आणि ते खोटं नसतं. गोळीबाराच्या बऱ्याच खेळांत सर्व्हर घड्याळ किंचित मागं नेऊन बघतो, की समोरच्यानं चाप ओढला तेव्हा त्याच्या पडद्यावर तू कुठं होतास. त्याच्या पडद्यावर तू अजून भिंतीबाहेरच असतोस. दोघंही खरं बोलतात, मरतो मात्र एकच.

लबाड तेव्हाही होते. एक जण भिंतीपलीकडचं दिसणारं काहीतरी टाकून खेळायचा. कॅफेवाल्यानं कान धरून बाहेर काढला. दोन दिवसांनी तोच परत आला, सगळ्यांसाठी भजी घेऊन. आता तसल्याला रिपोर्ट करायचं, आभाराचा एक ठोकळेबाज मेसेज येतो, आणि तो कुठल्या गावचा, त्याचं पुढं काय झालं, कसला पत्ता नाही. कान धरायला कानच सापडत नाही.

जुळे सोलापूरची मोठी जाऊ (नाव देत नाही, धाकटी वाचते)

लॉकडाऊनमध्ये भाच्यानं लुडो किंग फोनवर घालून दिलं. मी सोलापुरात, जाऊ पुण्यात, नणंद कलबुर्गीला, चौथा भाचा. नणंदेची पाळी आली की ही बाई फोन ओट्यावर ठेवून कुकरकडं जाणार. आम्ही तिघं बसलोय तिच्या वेळेची रेघ सरकताना बघत. शिट्ट्या आम्हालापण ऐकू यायच्या. तिसरी झाली की मी इकडून ओरडायची, "वन्सं, गॅस बंद करा आणि फासा टाका!"

आणि मला सहा पडायचाच नाही. तिला लागोपाठ दोन-दोन, माझ्या चारही सोंगट्या घरात. दहा-दहा वेळा टाकून एक सहा नाही. फासा तिला सामील आहे असं माझं आजही मत आहे.

गणिताचा मास्तर, होटगी रोड

ताई, एका वेळी सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा वेळा न पडण्याची साधारण १६ टक्के. म्हणजे सहा डाव मांडलेत तर त्यातल्या एखाद्या डावात तुमची सुरुवात अशीच जाणार. चौघं रोज एक डाव खेळलात तरी साधारण दिवसाआड कुणीतरी रडणारच.

जुळे सोलापूरची मोठी जाऊ

सर, रोज मीच कशी?

तिसरं वर्ष इंजिनिअरिंग, विजापूर रोड

मी पाच विरुद्ध पाचवाला शूटर खेळते. तो माइकशिवाय खेळताच येत नाही. शत्रू कुठून येतोय ते सांगावंच लागतं. मी माइक सुरू करून "दोघं 'बी' साइटवर" (बॉम्ब लावायची एक जागा) एवढंच म्हणते, आणि पुढच्या फेरीपासून खेळ बाजूलाच. एकाला इन्स्टा आयडी पाहिजे. दुसरा म्हणतो, जा, भाकऱ्या थाप. तिसरा माझ्या आवाजाची नक्कल करतो. चौथा गप्प. मला सगळ्यात जास्त राग त्या चौथ्याचा येतो.

बरं, उठून जावं तर तेरा फेऱ्या जिंकेपर्यंत डाव संपत नाही, पाऊण तास सहज. मधेच सोडलं तर दंड मला: काही वेळ खेळायला बंदी, वर रेटिंग जातं. ज्यानं पिटाळलं तो मजेत खेळत राहतो. एकदा सोडलं होतं. बंदी संपेपर्यंत मेसच्या गॅलरीत उभी राहून मी काय काय उत्तरं द्यायला हवी होती ते पाठ करत होते.

आता माइक बंद. नाव असं घेतलंय की मुलगा वाटावा. सांगायचं ते टाइप करते, आणि टाइप करता करता मरते. मग मुलगा समजून शिव्या पडतात. त्या चालतात, कारण त्या माझ्या खेळाला असतात. आम्ही हॉस्टेलच्या तिघी मिळून बसलो की धमाल येते, पण पाच भरायला दोन अनोळखी घ्यावेच लागतात, आणि तिघी पुन्हा मुक्या.

भाकऱ्या मला येतात. कडकसुद्धा येतात. विषय तो नव्हता.

साखर पेठ

आमच्या टोळीत दोघं घरी तेलुगू बोलणारे, मी मराठी, आणि चौथा जो मिळेल तो. परवा मिळाला हिंदीवाला. एका खोलीत दारामागं दबा धरून बसलोय, बाहेर पावलं वाजतायत. आमचा एक जण दबक्या आवाजात, "आगु! आगु रा!" तेलुगूत त्याचा अर्थ थांब. हिंदीवाल्यानं ऐकलं 'आग'. त्यानं मोलोटोव्ह (पेटती बाटली) काढला आणि गडबडीत दारालाच आपटला. खोलीत आम्ही चौघं भाजून निघालो. बाहेरच्यांना गोळी झाडावीच लागली नाही. वर तोच म्हणतो, "भाई, आपने ही तो बोला."

गेल्या वर्षभरात शेकडो डाव खेळलो असेन. लक्षात राहिलाय तो हा एक.

निवृत्त, टिळक चौक (वय ६३)

मी बुद्धिबळवाला. दहा-दहा मिनिटांचा डाव. समोरच्याचा वजीर गेलाय, तीन चालींत मात दिसतेय, त्याच्या घड्याळात सात मिनिटं शिल्लक. हा माणूस हार मानत नाही, चालही करत नाही. बसून राहतो. मला उठता येत नाही, कारण उठलो आणि त्यानं चाल केली तर माझं घड्याळ पळणार. त्या सात मिनिटांत मी आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून ठेवल्या. शेवटच्या चार सेकंदांत त्यानं एक प्यादं ढकललं. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

पण कंटाळ्याचं मूळ मला दुसरीकडं दिसतं. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची गुणांकन पद्धत १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेनं स्वीकारली. आज कितीतरी ऑनलाइन खेळ त्याच धाटणीच्या हिशेबानं जोड्या लावतात: तुमच्या तोडीचाच माणूस समोर आणायचा. म्हणजे तुम्ही साधारण निम्मे डाव जिंकणार. सुधारलात की समोरचाही तेवढाच तयार येतो. दोन वर्षं पुस्तकं घेऊन बसलो, रेटिंग १४०० वरून १५३० झालं, जिंकतो अजून निम्मेच! वाड्यात होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडून कायम हरायचो आणि त्यांच्या मेव्हण्याला कायम हरवायचो. हरून खाली आलो की मेव्हण्याला हाक मारायची. ती सोय आता नाही.

एक बाप, कुमठा नाका

मुलगा तेरा वर्षांचा. सुट्टीत रोज गेम खेळून चिडायचा, फोन गादीवर आदळायचा (गादीवरच, तेवढी अक्कल आहे). अठराच्या खालच्यांना त्याच्या गेममध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, आणि पालकाच्या फोनवर ओटीपी येतो. तो आला होता, मी न वाचताच सांगून टाकला होता, हे आधी कबूल करतो. बायको म्हणाली, नुसतं ओरडू नका, एकदा खेळून बघा काय आहे ते.

बसलो. "पप्पा, नुसतं पळू नका." "पप्पा, तो आपला आहे, त्याला कशाला मारता?" "पप्पा, दार लावून घ्या!" हे शेवटचं वाक्य आमच्या घरात माझं आहे. त्याचे दोन मित्र माइकवर होते, ते आधी 'काका, काका' करत होते, नंतर तेही गप्प झाले. पोराला लाज वाटायला लागली हे मला कळत होतं.

शेवटी त्यानं मला जीपमध्ये बसवलं, जीप एका टेकाडामागं नेऊन लावली आणि म्हणाला, "इथंच बसायचं. कशाला हात लावायचा नाही." ते तिघं लढायला गेले. मी बसलो. लांबून गोळीबार ऐकू येतोय, पडद्यावर नुसतं गवत. एकवीस मिनिटं गवत. मधे एक माणूस जवळून पळत गेला, त्यानं मला बघितलं नाही. मीही त्याला काही केलं नाही. ते तिघं मेले. झोन म्हणे आमच्या टेकाडावरच आला, आणि गाडीत बसल्या बसल्या माझा सहावा नंबर लागला. पोरगं इतकं खूश, मला मिठीच मारली. म्हणतो, उद्यापण सेम असंच बसायचं.

उद्या साडेसातला खेळ आहे. गाडीतून उतरायचं बटन कुठलं, तेवढं कुणीतरी सांगा.